जेसी पोपची भरतीची कविता मराठीत आणली की जोरच उरत नाही

शब्दखुंटी:

दादरच्या एका वाचनालयासाठी युद्धकवितांच्या वाचनाचा दीड तासाचा कार्यक्रम बसवायचा आहे. ऐकणारे साठ-सत्तर, त्यातले निम्मे ज्युनिअर कॉलेजचे. पहिल्या महायुद्धातले इंग्रज सैनिक-कवी ओवेन आणि ससून यांच्या कविता मराठीत बऱ्या उतरल्या आहेत. अडलं आहे ते समोरच्या बाजूला. तरुणांना सैन्यात ओढणारी एक तरी कविता हवी, नाहीतर ओवेन नेमका कुणावर चिडला आहे तेच कळत नाही. म्हणून त्याच काळात इंग्लंडमध्ये भरतीच्या कविता लिहिणाऱ्या जेसी पोपची 'हूज फॉर द गेम' घेतली. चार कडवी, सोळा ओळी. पहिल्या कडव्याचा खर्डा:

कोण येणार समरांगणी महान या रणक्रीडेला,
रक्तरंजित संग्रामाच्या आरक्त अशा वेळेला?
कोण निर्भय होऊन घेई कर्तव्याची धुरा शिरी,
आणि कोण तो भ्याड राहतो लपून आपुल्या घरी?

अर्थ फारसा सुटलेला नाही, यमकही जुळलं आहे. पण मोठ्याने वाचली की १५ ऑगस्टचं भाषण वाटतं. हे ऐकून कुणी भरतीच्या रांगेत उभं राहील यावर विश्वास बसत नाही, आणि मूळ कवितेचं काम तर तेच होतं. मुळात ती फार साधी आहे, जवळजवळ पोरकट. मग मराठीत ती इतकी जड का होते? वृत्त बदलू की शब्द? आणि शेवटच्या कडव्यातल्या 'यू'चं काय करायचं, तू, तुम्ही की आपण? शिवाय तिच्या जोडीला आपल्याकडचं काय वाचता येईल तेही सुचवा.


फोर्टवाचक:

शब्दांपासून सुरुवात करा. समरांगण, धुरा, संग्राम, आरक्त, यांतला एकही शब्द मुळात नाही. मुळात आहे ते फुटबॉल-रग्बीच्या मैदानावरचं बोलणं: पकड, टॅकल, रेघेवर पाय, स्टँडमधली जागा, मजा. पोपबाई ज्यात लिहायच्या ते 'डेली मेल' अर्ध्या पेनीचं वर्तमानपत्र, कारकून आणि दुकानातली पोरं वाचायची ते. पोपबाई त्यांच्या शनिवार दुपारच्या भाषेत बोलत होत्या. आणि हा खेळाचा साचा त्यांनी घडवलेला नाही. कवी न्यूबोल्टने १८९२ सालीच शाळेतलं क्रिकेट आणि वाळवंटातली लढाई एका कवितेत शिवून ठेवली होती. पोपबाईंनी तो साचा शाळेच्या मैदानावरून उचलून स्टेडियममध्ये आणला.

पण शब्द सोपे केले की काम झालं असंही नाही. जोर आहे तो वाक्यांच्या रचनेत. पेन्सिल घेऊन मोजा. पहिल्या बारा ओळींत नऊ प्रश्नचिन्हं आहेत, प्रत्येक प्रश्न 'कोण'ने सुरू होणारा. शेवटच्या चार ओळींत एकही प्रश्न नाही. आणि त्या बारा ओळींत 'तू' कुठेच नाही, सगळं 'कोण' आणि 'तो'. 'तू' येतो तो फक्त शेवटच्या कडव्यात. म्हणजे आधी नऊ वेळा गर्दीकडे बघत विचारायचं 'कोण?', आणि प्रत्येकाच्या मनात 'मी की तो दुसरा?' हे सुरू झालं की एकदम वळून त्याच्याकडे बोट करायचं. चित्रकार लीटने काढलेला युद्धमंत्री किचनरचा चेहरा ५ सप्टेंबर १९१४च्या 'लंडन ओपिनियन'च्या मुखपृष्ठावर आला, तिथेही हेच बोट. चित्रात ते पहिल्या क्षणापासून रोखलेलं असतं, पोपबाई ते बारा ओळी खिशात ठेवतात.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. शूर जे काही करतो ते उभ्याने करतो: धरतो, भिडतो, रेघेवर उभा राहतो, बंदूक खांद्यावर घेतो. भित्रा बसतो, स्टँडमध्ये बसतो, नाहीतर दडून पडून राहतो. 'भ्याड' हा शब्द मूळ कवितेत नाहीच. तो तुम्ही घातलात आणि तिथेच सूत सुटलं. शिवी दिली की ऐकणारा तुमच्याशी भांडू लागतो. नुसतं 'बसलाय' म्हटलं की तो स्वतःकडे बघतो.

तिसरी गोष्ट, काय गाळलं आहे. शत्रूचं नाव नाही. मारणं नाही, मरणं नाही. रक्त फक्त 'लाल' एवढ्या एका विशेषणात, तेही खेळाला लावलेलं. वाईटात वाईट काय होईल तर कुबडी घेऊन परत याल, आणि त्यातही 'परत' आहेच. तुमच्या खर्ड्यातलं 'रक्तरंजित' या सगळ्यावर पाणी ओततं, कारण ते पोपबाईंनी झाकलेलं उघडं करतं. ओवेनला उघडायला काही उरू द्या की.


मात्रामोजणी:

वृत्ताबद्दल. तुमच्या ओळी केरव्याच्या अंगाने, आठाआठांनी चालतात. मराठीत लढाईचं काही लिहायचं म्हटलं की हात आपोआप तिकडे जातो, कारण पाय दोन आणि संचलन दोनाचं. मूळ इंग्रजी लय मात्र तिनाची आहे. एक जोराचं अक्षर, दोन हलकी, पुन्हा जोराचं. ती कवायतीची चाल नव्हे, ती उड्या मारत मैदानात उतरणाऱ्या पोराची चाल आहे. ओळींत जोर चार, तीन, चार, तीन असे येतात आणि यमक एकाआड एक. तुम्ही सलग दोन-दोन ओळींचं यमक घेतलं आहे, त्याने प्रत्येक जोडी बंद होते आणि प्रश्न लोंबकळत राहत नाही. प्रश्नाचं उत्तर लगेच मिळाल्यासारखं वाटतं.

भुजंगप्रयाताचा मोह होईल, कारण तोही तिनाच्या गटांत चालतो. करू नका. मनाच्या श्लोकांनी ते वृत्त कायमचं बुक करून ठेवलं आहे. त्यात काहीही घाला, ऐकणाऱ्याला पुढे 'मना सज्जना' ऐकू येतं, आणि खेळाच्या आमंत्रणाचा उपदेश होतो.

सहा मात्रांचं आवर्तन घ्या, म्हणजे दादरा. (वाचनालय दादरला आहे हा योगायोग.) मांडीवर ठेका धरून पाहा:

कोण गडी । उतरे या । रंगल्या । डावात

सहा, सहा, सहा, पाच आणि एक मात्रेची उसंत. ती शेवटची उसंत महत्त्वाची, तिथे प्रश्नचिन्ह ऐकू येतं. ओळ सहाच्या पूर्ण पटीत भरली तर श्वास घ्यायला जागा राहत नाही आणि वाचणारा पुढच्या ओळीवर घसरतो. आखूड ओळ तीन आवर्तनांची ठेवा. प्रत्येक ओळ 'कोण'ने सुरू करता येते का पाहा. 'कोण'मध्ये गुरू-लघू आहे, पुढे लघू-गुरू असलेला दोन अक्षरी शब्द आला की आवर्तन आपोआप भरतं: कोण गडी, कोण उभा, कोण बसे, कोण म्हणे. हा साचा हाती लागला की नऊ प्रश्न पटापट बसतात.

खेळ कुठला घ्यायचा यावर मात्र थांबा. हुतूतू घ्यायला हात शिवशिवतील, कारण टॅकल, पकड, रेघ सगळं तिथे आहे. पण हुतूतूत गडी बाद झाला की तो 'मेला' असतो आणि नंतर 'जिवंत' होतो. मूळ कवितेने जे मरण इतक्या काटेकोरपणे टाळलं आहे ते या खेळाच्या परिभाषेतून मागच्या दाराने आत शिरेल, आणि श्रोते ते उपरोधाने घेतील. क्रिकेट घेतलं तर अंगाला अंग भिडत नाही. म्हणून खेळाचं नावच घेऊ नका. 'डाव' आणि 'गडी' पुरेत. 'गडी' म्हणजे खेळाडूही आणि बाप्याही, मुळातल्या 'लॅड्स'ला याहून जवळचा शब्द मराठीत नाही. 'रंगल्या डावात' लाल रंगही नकळत येतो. आणि दुसऱ्या कडव्यात पोपबाई खेळावरून एकदम 'शो'वर उडी मारतात, तिथे मराठी त्यांच्यापेक्षा श्रीमंत आहे: नाटकाचाही खेळच असतो.

तिसऱ्या कडव्यातल्या पिकनिकला 'सहल' करू नका. 'हे काही खायचं काम नाही' हा वाक्प्रचार तंतोतंत त्याच जागेवरचा आहे.


कट्ट्यावरची:

वरचं सगळं मान्य, पण एका गोष्टीकडे कुणी बघितलं नाही. ही कविता बाईने लिहिलेली आहे. १९१४ साली पोपबाई ४६ वर्षांच्या होत्या. बाईने पुरुषाला 'बसलायस का?' विचारणं हेच मुळात दडपण आहे. त्यांच्याच 'द कॉल' या दुसऱ्या कवितेत तर ओळीआड 'माय लॅडी' म्हणून गालगुच्चा घेतल्यासारखं विचारलं आहे की खंदकात कोण जाणार, तू का रे बाळा? आवाज प्रेमाचा आणि प्रश्न चाबकाचा.

याच काळात ऑगस्ट १९१४मध्ये फोकस्टनला ॲडमिरल फिट्झजेराल्ड यांनी तीस बायकांना हाताशी धरून साध्या कपड्यांतल्या तरुणांना पांढरं पीस द्यायची मोहीम सुरू केली. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे, बांगड्यांचा अहेर. तरी भाषांतरात बांगड्या आणू नका. कारण 'बांगड्या भरा' ही उघड शिवी आहे, पीस ही बिनशब्दांची. पोपबाई शब्द वापरत असल्या तरी त्या पिसाच्याच पातळीवर राहतात. आणि पिसाचं पुढे काय झालं तेही निवेदनात एका वाक्यात सांगा: रजेवर आलेल्या, जखमी होऊन सुटलेल्या सैनिकांच्याही हातात ती पिसं पडू लागली. जखमेमुळे सेवेतून सुटलेल्यांना सरकारने सप्टेंबर १९१६पासून चांदीचा बिल्ला दिला. कोटावर तो दिसला की पीस द्यायला आलेली बाई मागे वळायची अशी अपेक्षा.

आता देशाचं लिंग. मुळात देश 'ती' आहे, गळ्यापर्यंत मारामारीत अडकलेली, इकडेतिकडे बघत हाक मारणारी. मराठीत 'देश' तो. म्हणून लोक 'मातृभूमी' करतात आणि ओळ देव्हाऱ्यात जाऊन बसते. मूळ ओळ देव्हाऱ्यातली नाही, गल्लीतली आहे. मोठी बहीण भांडणात सापडली आहे आणि खिडकीतून भावाला हाका मारते आहे, तेवढ्या उंचीची. माझं मत असं की 'तो' चालेल, पण 'माय' नको. 'गळ्यापर्यंत' मात्र सोडू नका. मराठीत माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडतो, तो घरगुती वास हवाच आहे.


अर्धविराम:

देशाबद्दल असहमत. बाईची हाक बाईच्याच तोंडून येते म्हणून ती लागते. 'देश तुझी वाट बघतोय' म्हटलं की सेवायोजन कार्यालयाची पाटी वाटते. 'भूमी' ठेवा, पुढे 'माता' जोडू नका, झालं.

'यू'बद्दल थोडक्यात. इंग्रजीत एकच शब्द एकाला आणि घोळक्याला दोन्ही चालतो, आणि शेवटच्या कडव्यात पोपबाई त्याच फटीतून आत शिरतात. पहिली ओळ पोरांना उद्देशून, चौथी ओळ संपते ती एकट्यावर. मराठीत हे लपवता येणार नाही, तर उघड करा: सुरुवात 'चला रे' अशा अनेकवचनात, शेवट 'तू'वर. 'तुम्ही' घेतलंत तर नोटीस. 'आपण' घेतलंत तर लग्नपत्रिका, नाहीतर फलाट क्रमांक चारवरची घोषणा.


फोर्टवाचक:

'चला रे'ला माझा विरोध आहे. मराठीत 'चला' म्हणणारा स्वतःही निघालेला असतो. 'चला, निघूया' यात बोलणाऱ्याची चप्पल पायात असते. पोपबाई लंडनमध्येच राहणार होत्या. इंग्रजीतलं 'कम अलाँग' वेगळं आहे, त्यात बोलणारा पलीकडे आधीच पोचलेला भासतो, जाण्याचा प्रश्नच झाकला जातो. मराठीत त्याला जवळचं 'ये'. 'जा' तर कुठलाही भरतीकवी कधीच म्हणत नाही, कारण 'जा' म्हटलं की 'आणि तू?' हा प्रश्न लगेच येतो.


अर्धविराम:

म्हणूनच तर 'चला' हवं! मराठी भरतीगीताचा खोटेपणा नेमका त्या 'चला'तच असतो. घरात बसून 'चला' म्हणणं. इंग्रजीत ती चलाखी पुसट आहे, मराठीत ती ठळक होते, आणि ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना ती चटकन दिसेल. मूळ ओळीत लगेच पुढे 'तू येशीलच म्हणा' असं आहे, आज्ञा आणि होकार एका श्वासात. तो 'च' जपा. 'चल गड्या, येशीलच, वाट एक उरली' असं काहीतरी. 'च' गेला तर विनवणी उरते. तो 'च' म्हणजे तुमच्या वतीने कुणीतरी केलेली सही.


शब्दखुंटी:

सगळ्यांचे आभार. 'भ्याड', 'रक्तरंजित', 'समरांगण' कापले. 'चला' आणि 'ये' दोन्ही मोठ्याने वाचून ठरवतो. आता जोडीला आपल्याकडचं काय? पोवाडे घेऊ का? आणि क्रम कसा लावू? ओवेन लगेच पाठोपाठ ठेवला तर परिणाम चांगला होईल असं वाटतंय.


झीलकरी:

पोवाडा घेताना एक घोळ नेहमी होतो. वीरगाथा म्हणजे भरतीगीत असं समजतात. पोवाडा भूतकाळात चालतो: झालं, केलं, पडला, गाजला. भरतीगीत आज्ञार्थात आणि भविष्यात चालतं. साधी चाचणी म्हणजे कवितेतली शेवटची दोन-चार क्रियापदं तपासा. ऐकणाऱ्याने उद्या सकाळी काहीतरी करावं असं त्यात आहे का? नसेल तर ती स्मरणाची कविता आहे, तिला भरतीच्या खुर्चीत बसवू नका. अर्थात पोवाड्याच्या शेवटी शाहीर आज्ञार्थात उतरला की तोच पोवाडा भरतीचा होतो, आणि झीलकऱ्यांचा 'जी जी रं जी' तर आयता होकारच. श्रोत्याने हो म्हणायच्या आधीच व्यासपीठावरचे चौघे हो म्हणून मोकळे. म्हणूनच तुमच्या कार्यक्रमात पोपच्या कवितेला डफ-तुणतुणं देऊ नका. तिथे 'कोण?'नंतर शांतता हवी. ती शांतता झीलने भरली तर प्रश्न मरतो.

आपल्याकडच्या सामग्रीत मूळ फरक लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये जानेवारी १९१६च्या कायद्याने १८ ते ४१ वयाच्या अविवाहित पुरुषांवर सक्ती आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात विवाहितांवरही. तोपर्यंत जवळपास २५ लाख माणसं आपणहून आली होती. कवितेची गरज होती ती याच दीड वर्षात. सक्ती आल्यावर 'कोण?' विचारण्यात अर्थच राहत नाही. हिंदुस्थानात तसा कायदा आलाच नाही. लढणारे आणि बिनलढाऊ मिळून बारा-तेरा लाख माणसं भरती झाली, ती कागदोपत्री तरी शेवटपर्यंत स्वेच्छेने. पंजाबात गावांवर आणि लंबरदारांवर, म्हणजे गावच्या पाटलांवर, कसा दबाव होता तो वेगळा विषय आहे.

तर इथे मन वळवायची भाषा खेळाची नव्हती. पंजाबीत भरतीची जी गाणी गायली जात त्यांचा साचा 'इथे आणि तिथे' असा: इथे फाटके जोडे, तिथे बूट. इथे चिंध्या, तिथे वर्दी. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता हे माहीत असलं की ओळीतले बूट रूपक राहत नाहीत, ते खरे बूट असतात. लाज, खेळ, मजा यांतलं काही नाही, सरळ हिशेब. आणि त्याच पंजाबात बायकांची उलट गाणी आहेत, नवरा नेणाऱ्या आगगाडीला आणि लढाईला शिव्याशाप देणारी. या दोन्ही पंजाबी गाण्यांचा आशय निवेदनात सांगितला तरी पोपची कविता कुणासाठी होती ते लख्ख दिसेल. पोट भरलेल्याला खेळाला बोलावतात, उपाशी माणसाला बूट दाखवतात.

मुंबईचा धागा हवा असेल तर १० जून १९१८ची टाउन हॉलमधली युद्ध परिषद घ्या, म्हणजे आजच्या एशियाटिकची इमारत. गव्हर्नर विलिंग्डन अध्यक्ष. टिळक बोलायला उठले आणि सहकार्याला स्वराज्याची जोड देऊ लागताच त्यांना थांबवलं गेलं, ते उठून बाहेर पडले. टिळकांची भाषा 'कोण येतो?' अशी नव्हतीच, 'बदल्यात काय देता?' अशी होती. भरती हवी तर हिंदी माणसाला अधिकारपद द्या. त्याच महिन्यात गांधीजींनी खेडा जिल्ह्यासाठी काढलेलं भरतीचं पत्रकही मन वळवण्याचा नमुना म्हणून वाचण्यासारखं आहे. त्यातला आकड्यांचा उपयोग बघा: जिल्ह्यात ६०० गावं, गावामागे निदान २० माणसं, म्हणजे १२,०००चं सैन्य. बारा हजार ऐकून छाती दडपते, वीस ऐकून वाटतं एवढं तर होईल. मागणी लहान करून दाखवायची ही युक्ती. ती चालली नाही. सत्याग्रहात फुकट बैलगाड्या देणारी गावं भरतीच्या दौऱ्याला भाड्यानेही गाडी देईनात, असं त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

महार पलटणीचाही एक परिच्छेद व्हावा. १११वी महार पलटण १९१७ला उभी राहिली, युद्धानंतर मोडली गेली. १९४१ला रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. इथल्या आवाहनाचं व्याकरण अजून निराळं. 'चला' नव्हे, 'परत घ्या'. सैन्यात जाण्याचा काढून घेतलेला हक्क वसूल करण्याची भाषा. लाज इथे ऐकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, ज्याने दार बंद केलं त्याच्या वाट्याला जाते.


फोर्टवाचक:

यात सरोजिनी नायडूंची १९१५ची 'द गिफ्ट ऑफ इंडिया' जोडा. ती भरतीची कविता नाही, पण पोपच्या शेजारी ठेवली की चमत्कार होतो, कारण तीही प्रश्नानेच सुरू होते. फरक एवढाच की प्रश्न तरुणाला नाही, साम्राज्याला विचारलेला आहे: अजून काय हवं आहे तुला? बोलणारी आई आहे, पण ती मुलांना बोलावत नाही. दिलेल्या मुलांची यादी वाचते आणि शेवटी आठवण ठेवायला सांगते. तक्रारीचा सूर कुठेही न लावता पुढे केलेलं बिल आहे ते.

आणि स्वतंत्र भारतातलं हवं असेल तर १९६३च्या 'छोटा जवान'मधलं गदिमांचं 'जिंकू किंवा मरू'. संगीत वसंत देसाईंचं. पोपने टाळलेला शब्द इथे शीर्षकातच आहे. पोपचा ऐकणारा अजून घरी आहे, त्याला मरण दाखवून चालणार नाही. हे गाणं म्हणणारे निघालेले आहेत, म्हणून 'आम्ही'. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत हे किती सोयीचं आहे बघा. 'आपण'मध्ये ऐकणाऱ्याला आत ओढतात, 'आम्ही'मध्ये त्याला बाहेर उभं करून दाखवतात, मग तो धावत येतो.


मात्रामोजणी:

हक्कांचं बघून घ्या. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. ओवेन १९१८ला गेला, पोपबाई १९४१ला, सरोजिनी नायडू १९४९ला, तिघेही मोकळे. ससून १९६७ला गेला, त्याचे हक्क २०२७च्या अखेरीपर्यंत. गदिमा १९७७ला, म्हणजे त्यांचे शब्द २०३७च्या अखेरीपर्यंत. या दोघांसाठी परवानगी लागेल, नाहीतर निवेदनात उल्लेख करून सोडा.

क्रमाबद्दल: ओवेन लगेच पाठोपाठ ठेवू नका. सगळे तेच करतात, कारण त्याने विषारी वायूच्या कवितेच्या खर्ड्यावर आधी 'जेसी पोप वगैरेंना' आणि मग 'एका कवयित्रीला' असं लिहिलं होतं, नंतर दोन्ही काढून टाकलं. जोडी तयारच आहे. पण तसं केलं की पोप म्हणजे विदूषक ठरते, साठ-सत्तर माणसं तिच्यावर हसतात आणि आपण कसे फसलो नसतो या समाधानात घरी जातात. ओवेनचा खर्डा ऑक्टोबर १९१७चा आहे, पोपच्या कवितेचे दिवस सक्ती येण्याआधीचे. मधली दोन वर्षं श्रोत्यांना जाणवू द्या.

माझ्या मते पोप अगदी पहिली. कवयित्रीचं नाव नाही, साल नाही, प्रस्तावना नाही. खरंच बोलावताय असं वाचा, आवाजात उपरोधाचा एक कणही नको. मिनिटभराचं काम आहे. कुणाचा तरी पाय ठेक्यावर हलेल, हलू द्या. मग नाव-साल सांगून पडद्यावर मूळ कविता लावा आणि नऊ 'कोण' एकेक करून रंगवा, मग शेवटच्या कडव्यातले 'यू' आणि 'युअर' दुसऱ्या रंगात. याला सात-आठ मिनिटं पुरतात. त्यानंतर फुटबॉलची गोष्ट: १ जुलै १९१६ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, कॅप्टन नेव्हिलने आपल्या ईस्ट सरे पलटणीच्या तुकड्यांना फुटबॉल दिले होते, ते लाथाडत माणसं शत्रूच्या खंदकांकडे निघाली. नेव्हिल त्याच सकाळी पडला. रूपक इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणीतरी खरंच चेंडू घेऊन गेलं. मग नायडू, मग पंजाबी गाण्यांचा आशय, आणि ओवेन मध्यंतरानंतर.


शब्दखुंटी:

पहिलं कडवं नव्याने:

कोण गडी उतरे या रंगल्या डावात?
कोण उभा रेघेवर टिच्चून?
कोण बसे कट्ट्यावर टाळ्यांच्या नादात?
कोण बघे अंग जरा चोरून?


मात्रामोजणी:

आता ठेका बसला. 'टिच्चून'ला 'चोरून' यमक सैल आहे, पण वाचताना खटकत नाही. 'अंग चोरून' फार चांगलं.


फोर्टवाचक:

एक हिशेब चुकतोय. तुमच्या कडव्यात दोन शूर, दोन बसलेले. मुळात पहिल्या कडव्यात दोनास एक, दुसऱ्यात तिनास एक. नऊ प्रश्नांत नुसत्या बसलेल्याचे दोनच, आणि दोन्ही कडव्याच्या शेवटच्या ओळीत. दडपण यावं म्हणून बसलेला एकटा पडला पाहिजे. निम्मे लोक बसलेले दिसले तर तिथे जाऊन बसायला काय हरकत आहे? कट्टा इथून काढा, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी न्या, मुळात स्टँड तिथेच आहे. तिसरी ओळ शूराला द्या आणि चौथीत 'बघे'चं 'बसे' करा:

कोण म्हणे 'मीच पुढे!' आपल्या गावात?
कोण बसे अंग जरा चोरून?


कट्ट्यावरची:

'आपल्या गावात' मुळात नाही, पण ठेवा. तेव्हा एकाच गल्लीतली, एकाच कारखान्यातली पोरं एकाच पलटणीत एकत्र घ्यायची पद्धत होती, 'पाल्स' म्हणत त्यांना. इंग्लंडमधल्या आक्रिंग्टन गावची अशी पलटण सोमच्या पहिल्या दिवशी सेर या खेड्यासमोर उतरली. सुमारे सातशे जण पुढे गेले, त्यांतले ५८४ ठार, जखमी किंवा बेपत्ता. निवेदनात हे सांगायचं असेल तर कडवं वाचून झाल्यावर सांगा, आधी नको.